दोन ठिपक्यांचा कोयता

‘दोन्ही कोयत्यांच्या झिजेत फरक आढळला नाही.’ या ओळीखाली श्रीमंत वाबळे यांनी पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि ते तिथंच राहिलं. आपल्या पुस्तकाची बाकीची मुद्रितं त्यांनी तपासून बाजूला ठेवली होती. या पानावर एकही चूक नव्हती, तरी त्यांना पान उलटता येईना.

या ओळीशी आलं की त्यांना ते आंतरदेशीय पत्र आठवायचं. मिरजगावहून आलेलं, कोणा शाळकरी मुलाकडून लिहून घेतलेलं. ‘सर, तुम्ही दिलेल्या कोयत्यांचे आमच्यावर फार उपकार झाले. दोनातला औषधाचा कोयता कोणता, तेवढे कळवावे. आमची दोघांची पैज लागली आहे. आपली, सौ. झुंबरबाई कल्याण सुद्रिक.’ त्याखाली, बहुधा त्या मुलाने आपल्या मनाने घातलेलं, ‘उत्तराची वाट पाहत आहोत.’

उत्तर त्यांनी दिलं नव्हतं. तेव्हा ते चाळिशीच्या अलीकडे होते. आता पंचाहत्तरी मागे पडली होती.

“चहा दुसऱ्यांदा गरम केलाय,” मुक्ताबाई कप ठेवत म्हणाल्या. त्यांनी वाकून पानाकडे पाहिलं. “अजून कोयताच का?”

“त्यांचं नाव घालावं म्हणतो. पण न विचारता कसं घालायचं?”

“मग विचारून या. मिरजगाव काही परदेशात नाही.”

“ते आता असतील की नाही, कोण जाणे. आणि जाऊन सांगायचं तरी काय? की तुमच्या हंगामभराच्या कष्टातून काही निघालं नाही, आणि तेच पुस्तकात छापतोय?”

मुक्ताबाईंनी खुंटीवरची कापडी पिशवी काढली, झटकली आणि टेबलावर त्यांच्यासमोर ठेवली.

*

कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असताना वाबळ्यांनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधनासाठी नाव नोंदवलं होतं. विषय होता आयन रोपण. निर्वात पेटीत पोलादाचा तुकडा ठेवायचा, नायट्रोजनच्या अणूंना विद्युतभार द्यायचा आणि प्रचंड वेगाने ते पोलादावर सोडायचे. ते पृष्ठभागावर थांबत नाहीत. आत घुसतात आणि तिथंच बसतात. मुलाम्यासारखा वरून थर चढत नाही, त्यामुळे तो सुटून येण्याचा प्रश्नच नाही. वस्तूचं माप बदलत नाही, रूप बदलत नाही. केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी खोलीत जे काय व्हायचं ते होतं आणि पोलाद झिजायला कठीण होतं.

प्रयोगशाळेत पोलादाच्या चकत्या घासून झीज मोजत. वाबळे बेलापूरचे. आपल्याकडे पोलाद सगळ्यात जास्त कुठं झिजतं, या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या घराबाहेरच उभं होतं. उसात.

एकाच लोहाराकडून, एकाच पट्टीतून त्यांनी दोन कोयते करून घेतले. एकाच्या धारेला, एकाच बाजूने, रोपण केलं. पेटी लहान होती. पात्याची फक्त धार आत बसवताना यंत्रावरच्या माणसाने त्यांच्यासाठी रविवार मोडला होता. दुसरा कोयता तसाच ठेवला. मुठीजवळ, त्याच बाजूला, खुणा ठोकल्या. साध्या कोयत्याला एक ठिपका, रोपण केलेल्याला दोन. कोणता कोणता हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या वर्षी कर्जत तालुक्यातून तोडणीला आलेल्या एका नवराबायकोला त्यांनी ते दिले. एक ठिपका कल्याणला, दोन ठिपके झुंबरबाईला. दोनातल्या एकाला औषध केलं आहे, ठिपक्यांच्या बाजूने कानस लावायची नाही, लोहाराच्या भट्टीत घालायचा नाही आणि आपापसात बदलायचा नाही, एवढंच सांगितलं.

दर बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ते सायकलवरून तोडणीवाल्यांच्या कोप्यांकडे, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांकडे, जात, कोयते कापडात गुंडाळून आणत, मुठी उतरवून कॉलेजच्या तराजूत तोलत आणि दिवस उगवायच्या आत परत नेऊन देत. उसाच्या फडात मात्र ते कधी गेले नाहीत. राबणाऱ्या माणसांसमोर इस्त्रीच्या कपड्यांत उभं राहून वहीत टिपणं घेणं त्यांना प्रशस्त वाटत नसे.

हंगाम संपला तेव्हा दोन्ही कोयते सारखेच झिजले होते. तराजू त्यांनी पुन्हा पुन्हा तपासला. चूक तराजूची नव्हती. मग ती आपलीच असणार, असं त्यांनी ठरवलं आणि संशोधन सोडलं. पुढं वर्गात ते आयन रोपण शिकवत तेव्हा दुसऱ्या कुणाचे तरी आकडे फळ्यावर लिहीत.

त्यानंतर ते पत्र आलं. ज्या कोयत्यांत फरकच नाही त्यांतला औषधाचा कोणता, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि उपकार कसले? चांगली माणसं, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून लिहितात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पत्र जपून ठेवलं. उत्तर लिहायला बसले की हात थांबायचा.

*

मिरजगावच्या स्टँडवरून विचारत विचारत ते वस्तीवर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. ज्वारी काढून झाली होती. पत्र्याच्या दोन खोल्यांपुढं एक म्हातारा बाजेवर बसून कणसं निवडत होता. पलीकडे, ओंडक्यावर कडब्याची पेंढी धरून एक बाई तिचे तुकडे करत होती.

“कोन पायजे?” म्हाताऱ्याने वर न बघता विचारलं.

“कल्याण सुद्रिक इथंच राहतात का?”

“राहत्यात. पर इलेक्शनचं काम असंल तर गावाला गेलेत म्हना.”

“नाही, तसं नाही. मी बेलापूरचा. वाबळे.” त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “तुम्ही उसाला आला होतात. कोयते दिले होते मी.”

कडबा तोडणारा हात थांबला.

“आगं बया! तराजूवालं सर?”

झुंबरबाई उठल्या. पदर सारखा करून दोन पावलं पुढं आल्या आणि नीट निरखून बघत म्हणाल्या, “हेच ते. मान तशीच खाली. अहो, सरकून बसा, सर आलेत.”

कल्याणने बाजेवर जागा केली. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. “लई दिसांनी कोयतं न्यायला आले, सर. आज बाजार हाय व्हय बेलापूरचा?”

वाबळेही हसले. बसतील की नाही अशा बेताने ते बाजेच्या कडेवर टेकले. पाणी आलं, पाठोपाठ चहा आला. पिशवीतून मुद्रिताचं पान काढून त्यांनी अडखळत सांगितलं की पुस्तक येतंय, त्यात त्या हंगामाबद्दल दोन पानं आहेत आणि तुमची हरकत नसेल तर नावं घालायची आहेत.

“घाला की,” कल्याण म्हणाला. “पर माझं आधी घाला.”

“का म्हनून?” झुंबरबाई म्हणाल्या. “ऊस तोडला म्या आन नाव तुमचं आधी?”

“दोघांनीही तोडला ना,” वाबळे म्हणाले.

“ह्यांनी कुठला? ह्यांनी निस्तं वाढं छाटलं आन मोळ्या बांधल्या. बुडखं समदं म्या तोडलं.”

वाबळ्यांनी कप खाली ठेवला.

ऊस बुडाशी तोडायचा म्हणजे जमिनीलगत वाकून घाव घालायचा. कोयता टणक पेरात घुसतो आणि पुढं जाऊन मातीत, खड्यांत आपटतो. शेंड्याचं हिरवं वाढं छाटणं त्यापुढं भाजी चिरण्यासारखं. हे सगळं ते लहानपणापासून रस्त्याने जाता-येता पाहत आले होते.

“सगळं म्हणजे?” त्यांनी विचारलं. “सबंध हंगाम?”

“सबंध हंगाम.”

“पण मी म्हणालो होतो, ज्याचा कोयता त्यानेच वापरायचा.”

“मंग? ज्याचा त्यानंच वापरला. एक दीस आदलाबदल केली न्हाई. शपथ घातल्यागत पाळलं.” झुंबरबाईंनी हात हलवला. “पर कोनी कंचं काम करायचं, त्ये कुठं सांगितलंतं तुमी?”

ते वाबळ्यांनी खरंच सांगितलं नव्हतं. आणि विचारलंही नव्हतं.

“आदी आमी दोघं बी बुडखं तोडायचो,” त्या सांगू लागल्या. “पर पंधरा-वीस दिसांत कळलं. ह्यांचा कोयता दुपारपतुर बोथट व्हायचा. सारखी कानस, सारखी कानस. माजा दिवस मावळंस्तवर चालायचा. हाताला हिसका म्हनून न्हाई. त्या साली माजं मनगट सुजलेलं हुतं, पहिल्यांदा वाटलं, कसा हंगाम निघायचा. पर त्या कोयत्यानं निभावलं. मंग म्हनलं, तुमी वाढं छाटा, बुडखं मी धरते.”

“फडातली समदी हसायची, सर,” कल्याण म्हणाला. “बाई बुडखं तोडती आन बाप्या मोळ्या बांधतो! कल्याणची कल्याणी झाली म्हनायचे. टोळीचा मुकादम तर मला बांगड्या भरतो म्हनला.”

“भरल्या असत्या तर शोभल्या असत्या.”

“ऐका.” कल्याणने मान डोलावली. “आता खरं सांगू का? कोयत्याचं कायबी न्हवतं त्यात. हिचा हातच तसला.”

“झालं सुरू,” झुंबरबाई म्हणाल्या. “त्याच्या आदल्या साली हात न्हवता व्हय मला?”

“हुता की,” कल्याण म्हणाला. कणसावरची मूठ त्याने सैल केली. “पर मी बघितला न्हवता. मी पुढं तोडत जायचो, तू मागं. त्या साली मी मागं हुतो.”

एक कोंबडी बाजेखाली येऊन सांडलेले दाणे टिपू लागली.

“हीच आमची पैज,” कल्याण पुढं म्हणाला. “ही म्हनती औषधाचं हाय, मी म्हनतो हाताचं हाय. जो हारंल त्यानं म्हातारपनी चूल फुकायची. आता गॅस आला, पर पैज काय मिटली न्हाई.”

झुंबरबाईंनी ओंडक्याजवळचा कोयता उचलून आणला आणि वाबळ्यांच्या हातात दिला. “हा बगा. ह्यांचा मोडीत गेला. ह्यो ठेवला. आता लोहाराकडं बी जातो.”

पातं झिजून झिजून अर्ध्यावर आलं होतं. मूठ नवी होती. मुठीजवळ, तेल आणि वर्षांचा काळपटपणा साचलेल्या जागी, वाबळ्यांनी अंगठा फिरवला. दोन ठिपके हाताला लागले. आत बसवलेले अणू कधीच संपले असतील, उसाच्या चोथ्याबरोबर कुठल्या कुठं गेले असतील. त्यांनी अंगठा काढला नाही. सगळे बुडखे तोडून, मातीत आपटून हा कोयता जितका झिजला, तितकाच तो दुसरा नुसतं वाढं छाटून झिजला होता. तराजूने बरोबर सांगितलं होतं. त्यांनी तराजूला अर्धाच प्रश्न विचारला होता.

त्यांच्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या. ते रुमाल शोधू लागले.

“आन सर, त्ये औषध नेमकं काय हुतं?” कल्याणने विचारलं. “लावलं म्हनावं तर दिसत न्हवतं.”

“लावलं नव्हतं,” वाबळे काच पुसत म्हणाले. “आत घातलं होतं. वरून लावलेलं निघून जातं. हे लोखंडाच्या कातडीत शिरतं आणि तिथंच राहतं.”

“गोंदल्यागत,” झुंबरबाई म्हणाल्या. त्यांच्या हातावर हिरवट पडलेली तुळस होती.

“हो,” वाबळे म्हणाले. “अगदी तसंच.” इतकी वर्षं शिकवताना हा शब्द त्यांना सुचला नव्हता.

“मंग आता सांगाच,” कल्याण सरसावून बसला. “तोंडासमोर हायेत तवर निकाल लागू द्या. औषधाचा कोयता कंचा?”

वाबळ्यांनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच त्या प्रश्नाचं उत्तर द्यावंसं वाटत होतं.

“थांबा,” झुंबरबाई म्हणाल्या. “मी टपालानं इचारलंतं. मला उत्तर टपालानंच पायजे.”

“आगं, मानूस बाजंवर बसलाय आन टपाल कशाला?”

“का? त्या साली म्या पोराला लाडू देऊन पत्र लिव्हून घेतलंतं. त्येचं काय फुकट? सर पत्र धाडतील. आपल्या दोघांच्या नावानं. तवाच निकाल.”

कल्याणने वाबळ्यांकडे पाहून हात पसरले, आता काय बोलणार, अशा अर्थाने.

*

रस्त्यापर्यंत सोडायला झुंबरबाई एकट्याच आल्या. कल्याणचे गुडघे आता धरत. त्यांच्या हातात फडक्यात बांधलेली ज्वारी होती. ती त्यांनी विचारल्याशिवाय वाबळ्यांच्या पिशवीत ठेवली.

“बाई,” वाबळे म्हणाले, “तुमच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. फार वेळा लिहायला घेतलं.”

“पहिल्या साली लई राग आलता तुमचा,” त्या म्हणाल्या. “पोस्टमन दिसला की हातातलं टाकून उभी ऱ्हायची. ह्ये हसायचे. मंग हळूहळू बरं वाटाया लागलं.”

“बरं?”

“उत्तर आलं असतं तर एका दिसात मिटलं असतं न्हवं?” त्या थांबल्या. मागं वळून बाजेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “त्यो मानूस बोलनारा न्हाई, सर. आज तुमी आले म्हनून एवढं बोलला. चांगलं झालं, चांगलं केलंस, आसं त्येच्या तोंडून निघायचं न्हाई. पर तिन्हीसांजंला मी मुद्दाम काढती, औषधाचा कोयता हुता म्हनून. की लगीच म्हनतो, कोयत्याचं न्हाई, तुज्या हाताचं हाय. रोज म्हनतो. एवढं एकच म्हनतो.”

रस्त्यावरून कांद्याच्या गोण्या भरलेला टेम्पो गेला. धूळ खाली बसेपर्यंत दोघं थांबले.

“तुमी खरं बोलनारं मानूस. सांगून मोकळं झाले असते. म्हनून टपालाचं काढलं.”

“मग पत्रात काय लिहू?”

“त्ये तुमी बघा,” झुंबरबाई म्हणाल्या. “पर पत्र धाडा. वाट बघायला मला बी आवडतं आता.”

*

नगरपर्यंतच्या गाडीत वाबळे मनातल्या मनात हिशेब मांडत होते. बुडख्याच्या एका घावाला वाढ्याचे किती घाव? त्या कोयत्याने दुप्पट काम केलं असेल, की चौपट? मग त्यांनी तो हिशेब सोडून दिला. आता ते कधीच कळणार नव्हतं. एक जोडी, एक हंगाम, आणि कामाचं मोजमाप नाही. एखाद्या विद्यार्थ्याने हे पुरावा म्हणून आणलं असतं तर त्यांनी ते परत केलं असतं. शिवाय कल्याणचं म्हणणं तरी खोडायचं कसं? हात मोजायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

तरी खिडकीच्या काचेत त्यांना स्वतःचं हसणं दिसलं. ज्या माणसाने त्यांच्यासाठी रविवार मोडला होता तो आता कुठं असेल, असा विचार त्यांच्या मनात आला. त्याचे आभार मानायचे राहिले होते. लोहाराचेही.

घरी आल्यावर हातपाय धुऊन ते टेबलाशी बसले. ‘दोन्ही कोयत्यांच्या झिजेत फरक आढळला नाही’ ही ओळ त्यांनी खोडली नाही. तिच्यापुढं बारीक अक्षरात लिहिलं, ‘मात्र दोन्ही कोयत्यांनी सारखं काम केलेलं नव्हतं, हे मी विचारायचं विसरलो होतो.’ त्यापुढं ‘दोन ठिपक्यांचा’ असं लिहायला घेतलं आणि मध्येच पेन्सिल कागदावरून उचलली. कोणत्या कोयत्याने जास्त काम केलं आणि रोपण कोणत्यावर होतं, हे त्यांनी लिहिलं नाही. पुस्तक मिरजगावलाही जाणार होतं. प्रकरणाच्या शेवटी आभारांत नावं घातली. झुंबरबाई सुद्रिक आणि कल्याण सुद्रिक. कोणाचं आधी घालायचं यावर त्यांना फार विचार करावा लागला नाही.

सकाळी ते पोस्टात जाऊन आंतरदेशीय पत्र घेऊन आले. लिहायला बसले तेव्हा हात थांबला नाही. उशीर झाल्याबद्दल माफी मागून झाली. चहा फार चांगला होता, हे लिहिलं. ज्वारीची भाकरी झाली आणि मुक्ताबाईंनी तिचं कौतुक केलं, हे लिहिलं. मग, ‘त्या हंगामात तुम्ही दोघांनी माझी सगळी पथ्यं पाळलीत. माझा प्रयोग फुकट गेला असं मी आजवर समजत होतो. तो फुकट गेलेला नाही, एवढं मला तुमच्याकडे येऊन कळलं. उपकार तुमचे आहेत.’ खाली संपूर्ण नाव लिहून सही केली.

मुक्ताबाई डिंकाची बाटली घेऊन आल्या. त्यांनी पत्र हातात घेऊन सावकाश वाचलं, उलटून पाहिलं, परत पहिल्या बाजूला आल्या.

“अहो, यात कोयत्याचं कुठं आहे? पैजेचं?”

“जागा पुरली नाही,” वाबळे म्हणाले.

मुक्ताबाईंनी पुन्हा एकदा पत्र उलटलं. मागची अख्खी घडी कोरी होती. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. मुक्ताबाईंनी घड्या घातल्या, कडांना डिंक लावला आणि तळव्याने दाबून धरला.

पत्ता वाबळ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. दोघांच्या नावानं. पोस्टाच्या पेटीशी ते क्षणभर उभे राहिले, इकडं तिकडं पाहिलं आणि पत्र आत सोडलं.